बायने शिकवलेली अदलाबदल

माझं काम बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं. रेवस बंदरात आणि आजूबाजूच्या खाडीत ज्या बोटी उभ्या असतात, त्यांतल्या निम्म्या तरी इंजिनांत माझे हात जाऊन आलेले आहेत. लोक म्हणायचे, याच्या हातचं काम परत येत नाही. तीस वर्षं हेच ऐकलं की माणसाला ते खरं वाटायला लागतं. मलाही वाटायचं. म्हणून पुढचं सांगायला मला जड जातं.

आम्हांला एकच मुलगी. घरात तिला आम्ही बाय म्हणायचो. शाळेत असल्यापासून तिच्या वह्यांच्या मागच्या पानांवर चित्रं असायची. बोटी, बगळे, जाळं विणत बसलेली म्हातारी माणसं, इंजिनात डोकं घातलेला मी. पनवेलला राहून तिने कॉम्प्युटरवर हलती चित्रं करायचा कोर्स केला आणि घरी परत आली ती नोकरी घेऊनच. नोकरी म्हणजे दहा-बारा जणांचा एक गट होता. कोणी केरळात, कोणी परदेशात, एकमेकांना प्रत्यक्ष कोणीच भेटलेलं नाही. लहान मुलांना गणित शिकवणारा एक खेळ ते बनवत होते आणि त्यातली चित्रं आमची बाय काढत होती, आमच्या पडवीत बसून.

पहिला महिना संपला तेव्हा मी विचारलं, "पगार झाला काय?"

"झाला ना."

"कुठल्या बँकेत?"

ती हसली. "बँकेत नाय येत बाबा. ये, दाखवते."

त्या गटाने स्वतःचं एक क्रिप्टो नाणं काढलं होतं आणि पगार त्याच नाण्यात यायचा. ते नाणं घेऊन कोणी मूठभर कोथिंबीरही दिली नसती. म्हणून बाय दर महिन्याला ते देऊन दुसरं नाणं घ्यायची, ज्याची किंमत डॉलरशी बांधलेली असते. ते दुसरं नाणं मग आपल्याकडे विकता यायचं, कर कापून रुपये बँकेत यायचे. ही अदलाबदल जिथे व्हायची त्याला ती डेक्स म्हणायची.

"म्हणजे मालक नसलेला बाजार," ती म्हणाली.

"मग समोर कोण बसलेला असतो?"

"कोणीच नाय. एक तळं आहे असं समज. लोकांनी त्यात दोन्ही जातींची नाणी आणून टाकलीत. आपण आपलं नाणं तळ्यात टाकायचं आणि तेवढ्या किमतीचं दुसरं उचलायचं. भाव प्रोग्राम ठरवतो, तळ्यात कुठलं किती उरलंय ते बघून."

"ज्यांनी आणून टाकली त्यांचा फायदा काय?"

"दर अदलाबदलीमागे त्यांना थोडी फी मिळते."

"आणि तळं उथळ असलं तर?"

ती माझ्याकडे वळून बघायला लागली. "बाबा, तुला समजलं की रे. उथळ तळ्यातून एकदम जास्त उपसलं तर भाव आपल्याच अंगावर येतो. आपल्याला कमी मिळतं. म्हणून थोडं थोडं करायचं."

भरती-ओहोटीवर पोट भरणाऱ्याला यात न समजण्यासारखं काय होतं? पाणी कमी असताना जड बोट आत आणली की ती गाळात बसते. मी तिला तसं म्हटलं, आणि तिने लगेच कागदावर गाळात बसलेली बोट काढली. बोटीच्या नाकाडावर एक गोल नाणं.

दिवाळीच्या सुमारास तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग अंगावर निळे डाग दिसायला लागले. अलिबागच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि रिपोर्ट माझ्या हातात न देता म्हणाले, "उद्याच्या उद्या मुंबईला न्या."

रक्ताचा कॅन्सर होता. मुंबईच्या हॉस्पिटलात काही आठवडे, मग थोडे दिवस घरी, मग परत हॉस्पिटल, असं सुरू झालं. तिकडे तिच्याजवळ तिची आई राहायची. मी लाँचने भाऊच्या धक्क्याला जाऊन-येऊन करायचो, कारण काम सोडून चालणार नव्हतं. बायचे केस गेले, वजन गेलं. त्याचं ती फारसं मनावर घ्यायची नाही. पण औषधांनी तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. एकदा घरी असताना चहाचा कप तिच्या हातातून सुटला. गरम चहा हातावर सांडला आणि ती नुसती बघत राहिली. भाजलं हे तिला उशिरा कळलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. "बाबा, मी पेन पकडलंय की नाय तेच समजत नाय मला," ती म्हणाली.

तरी ती काम करायची. चार चित्रांच्या जागी एक व्हायचं. गटातल्या लोकांनी पगार कमी केला नाही, हे त्यांचे उपकार. पण कीबोर्डवर तिचं बोट एका ठिकाणी टेकायचं आणि दाबलं दुसरंच जायचं. चित्रात ते पुसता येतं. अदलाबदलीत पुसता येत नाही. म्हणून एका सकाळी तिने लॅपटॉप माझ्या पुढ्यात सरकवला.

"तू बस. मी सांगते, तू कर."

मी हात धुऊन आलो. डिझेलचा वास जाईपर्यंत दोनदा साबण लावला. शंभर पानी वही घेतली आणि ती सांगेल ते उतरवायला लागलो.

आधी तिने पाकीट उघडायला शिकवलं. पाकीट म्हणजे कॉम्प्युटरातच असलेलं. त्याची खरी चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमाने. ते तिने कागदावर लिहून आईच्या लुगड्यांच्या घडीत ठेवले होते. "हे कोणाच्या हाती लागले तर सगळं गेलं. हरवले तरी गेलं. इथे तक्रार करायला खिडकी नाय, बाबा. साहेब नाय. समजलं?"

मग बाजाराची साइट. ती कधीही शोधून उघडायची नाही, कारण हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खोट्या साइट असतात. तिने खूण करून ठेवलेली होती, तिथूनच जायचं. पाकीट त्या साइटला जोडायचं. वर आपलं नाणं, खाली हवं ते नाणं. मग तिने एक तिसरंच नाणं दाखवलं, अगदी थोडं.

"हे कशाला?"

"हे आपलं डिझेल. दर कामाला थोडं जळतं. हे संपलं की पाकिटात कितीही असू दे, काही हलायचं नाय. म्हणून हे थोडं कायम शिल्लक ठेवायचं."

"हे बरं सांगितलंस."

"आता हा अर्धा टक्का बघ. तू बटण दाबल्यापासून काम होईपर्यंत भाव थोडा हलतो. अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त हलला तर आपोआप रद्द होईल. डिझेल मात्र जळेल."

"इंजिन चालू झालं म्हणजे जळणारच."

पण सगळ्यात जास्त वेळ तिने एकाच गोष्टीवर घालवला. "नावावर जाऊ नको. नाव कोणीही काहीही ठेवतं. एकाच नावाची, एकाच चित्राची धा नाणी असतात. खरं कुठलं ते त्याच्या पत्त्यावरून." पत्ता म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरांची लांबलचक ओळ. खऱ्या डॉलरच्या नाण्याचा पत्ता तिने वहीत माझ्याकडून लिहून घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "वाच."

मी पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं वाचली.

"सगळं वाच."

"मधलं कोण बघतंय?"

"तू बघतोयस. वाच."

मी एकेक अक्षर वाचलं. ती उशीला टेकून बोट न हलवता ऐकत होती. मग आधी परवानगीचं बटण, म्हणजे बाजाराला आपल्या पाकिटातून तेवढंच नाणं काढू द्यायची परवानगी, आणि मग अदलाबदलीचं. आधी अगदी थोडं बदलून बघायचं, नीट आलं की उरलेलं. थोडं बदललं, आलं. उरलेलं बदललं, तेही आलं.

"शाब्बास," ती म्हणाली. मी तिला पोहायला शिकवलं होतं तेव्हा तिला असंच म्हणायचो.

त्याच पाकिटात मला दुसरं एक खातं दिसलं. "हे कोणाचं?"

"माझंच. शिकायला जायचं त्याचं. तिकडे हात नाय लावायचा."

परदेशात हलत्या चित्रांची एक शाळा होती, दोन वर्षांची. नोकरी लागल्यापासून ती दर पगारातून थोडं थोडं डॉलरचं नाणं त्या खात्यात टाकत होती. पुढे हॉस्पिटलचा खर्च वाढला. मी बायकोच्या पाटल्या मोडल्या, भावाकडून घेतले, पण त्या खात्यातलं काढू असं माझ्या तोंडून कधी आलं नाही. बायनेही कधी विषय काढला नाही. आम्ही बोललो नाही, पण तिघांनाही ठाऊक होतं. ते खातं जागेवर आहे तोवर ती जाणार आहे, म्हणजे बरी होणार आहे.

ती पहिली धरून मी पाच वेळा अदलाबदल केली. पाचही वेळा ती शेजारी होती.

सहाव्या वेळी ती हॉस्पिटलात होती. दिवाळीला वर्ष उलटून परत थंडीचे दिवस आले होते. मी रेशनकार्ड आणि काही कागद न्यायला एका दिवसापुरता घरी आलो होतो. सकाळी तिचा फोन आला. पगार आला होता, आणि दुसऱ्या दिवशी जे इंजेक्शन द्यायचं होतं त्याचे पैसे आजच भरायचे होते.

"लॅपटॉप घरीच आहे ना? करूनच ये. वही बघून कर. पाकीट माझ्या फोनवरही आहे, पुढचं रुपयांत मी इथून करते."

"करतो. तू काळजी करू नको."

बाराच्या लाँचने निघायचं होतं. लाइट जाऊन-येऊन होती आणि नेट रखडत होतं. सगळं उघडेपर्यंत साडेअकरा वाजले. पिशवी भरून झाली होती आणि वही पिशवीच्या तळाशी होती, कपड्यांखाली, डब्याखाली. मी पिशवीकडे बघितलं. मनात म्हटलं, पाच वेळा केलंय. डॉलरच्या नाण्याचं नाव टाइप केलं. यादीत नाव आलं, शेजारी तेच गोल निळं चित्र. दाबलं. इंग्रजीत एक सूचना आली, खाली 'समजलं' असं बटण. मी ते दाबलं. थोडं बदलून बघायलाही थांबलो नाही. नेहमीपेक्षा थोडी जास्तच नाणी मिळत होती, आणि मला वाटलं, आज भाव चांगला आहे.

सगळा महिन्याचा पगार एका दमात बदलला. मग चालत चालत तिला फोन लावला.

"झालं बाय."

"थांब, बघते."

मी बंदराच्या रस्त्याला लागलो होतो. पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"बाय?"

"हो बाबा. दिसलं. मस्त. पहिल्या फटक्यात."

"जास्त आले की नाय?"

"हो, जास्त आले." मग म्हणाली, "जेवून निघालास ना?"

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. ती झोपली होती. तोंड मातीसारखं झालं होतं, पण ते तेव्हा रोजच तसं असायचं. पैसे भरून झालेले होते, पावती उशीखाली होती. मी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या भावाला सांगितलं, नाणी बदलायचं हे सगळं मी करतो, मुलीने शिकवलंय. तो म्हणाला, या वयात कमाल आहे तुमची. बायको स्टुलावर बसली होती. ती उठून बाहेर गेली.

पुढचे पगार तिने मला करू दिले नाहीत; तुझी धावपळ नको म्हणाली आणि तिकडूनच फोनवर सावकाश बदलले. चैत्रात बाय गेली. जंतुसंसर्ग झाला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. घरी आणताना पेणवरून रस्त्याने आणावं लागलं. तिला लहानपणापासून गाडी लागायची. ती म्हणायची, मला कुठेही न्या, पण लाँचने न्या. ॲम्ब्युलन्समध्ये मी तिच्या डोक्याशी बसलो होतो आणि प्रत्येक वळणाला ड्रायव्हरला म्हणत होतो, सावकाश घ्या. त्याने एकदाही मला उलट उत्तर दिलं नाही.

मी लॅपटॉप मिटला तो मिटलाच. बायको त्याच्यावर रुमाल टाकून ठेवायची. महिना-दीड महिना कोणी त्याला हात लावला नाही.

मग बायच्या गटातल्या, केरळात राहणाऱ्या एका बाईंचा फोन आला. त्या गटाचं काम बघायच्या आणि हिंदी बोलायच्या. बायचा शेवटचा पगार राहिला होता. शिवाय सगळ्यांनी मिळून आपापल्या नाण्यांतून काही काढलं होतं. "तिच्याच पाकिटात पाठवलंय," त्या म्हणाल्या. "तुम्हांला बदलता येतं ना? ती सांगायची, बाबा माझ्यापेक्षा चांगलं करतात."

मी म्हटलं, येतं.

रविवारी दुपारी बसलो. बायको अंगणात धान्य वाळत घालत होती. वही उघडली. माझं अक्षर आणि मध्ये मध्ये तिने बधिर बोटांनी मारलेल्या वाकड्यातिकड्या खुणा. पाकीट उघडलं. गटाचं नाणं आलेलं दिसलं. खाली यादीत डॉलरचं नाणं दोनदा दिसत होतं. तेच नाव, तेच निळं चित्र. एकापुढे शून्य होतं. दुसऱ्यापुढे बराच मोठा आकडा होता, पण किमतीच्या जागी नुसती एक आडवी रेघ.

माझ्या मनात आधी काय आलं ते सांगतो. मला वाटलं, पोरीने आमच्यासाठी मागे ठेवलंय.

मी केरळातल्या बाईंना फोन लावला, स्क्रीनचा फोटो पाठवला.

"भैया, हे खोटं नाणं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "फसवायला बनवतात. हे कोणी घेत नाही. हे पाकिटात कसं आलं?"

मी म्हटलं मला माहीत नाही. खरंच नव्हतं माहीत. किंवा तोवर मी ते स्वतःला कळू दिलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं, प्रत्येक व्यवहार सगळ्यांना दिसेल असा लिहून राहतो, आणि पाकिटाचा पत्ता टाकून तो कसा बघायचा ते शिकवलं. ओळीमागे ओळ आली. तारीख, वेळ, काय गेलं, काय आलं. मी ती तारीख शोधली. सकाळी अकरा वाजून बावन्न मिनिटं. गटाचं नाणं गेलं, हे खोटं आलं. माझ्या हातून.

त्याच्या वर, त्याच दिवशी, बारा वाजून वीस मिनिटांनी खरं डॉलरचं नाणं जमा झालेलं होतं. अगदी थोडं. मग बऱ्याच वेळाने, एक वाजून एक मिनिटाला, खूप जास्त.

"हे कोणी पाठवलं?" मी विचारलं.

बाईंनी तो पत्ता वाचला. "हे तर तिचंच दुसरं खातं आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाकिटातच असेल. बघा."

मी बघितलं. शिकायला जायचं खातं. त्यात काही नव्हतं. सगळं त्या दुपारी निघालं होतं. इंजेक्शनला लागणार होतं त्याहून जास्त काही त्यात कधी साठलंच नव्हतं.

मी फोन ठेवला. बाईंना 'ठेवतो' असंही म्हटलं नाही. अंगणात गेलो. बायको वाकून धान्य पसरत होती. मी म्हटलं, "माझ्या हातून चूक झाली होती. हॉस्पिटलात असताना. बायचा पगार मी खोट्या नाण्यात घालवला."

ती सरळ झाली नाही. धान्यावरून हात फिरवत म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"तुला?"

"मी तिच्याजवलच होती ना. तुमचा फोन आला, तिनं बघितलं, नि तिचं त्वांडच उतरलं. मी इचारलं काय झालं. म्हनली, बाबांच्या हातून गेले. मी म्हनली, मंग आता सांग त्यांना, लाँचमधून उतरून कायतरी करतील. तर म्हनली, काय करतील? परत येत न्हाय ते. नुसते झुरतील. आयेची शपथ घातली मला, तुम्हांला सांगायचं न्हाय."

"मग तिने दुसऱ्या खात्यातले..."

"व्हय. मी म्हनली, अगं ते तुज्या शालेचे हायेत. तर म्हनली, आये, मी आता कंच्या शालंला जाते?"

बायको तेव्हा सरळ झाली. तिच्या हातांना तूस लागलं होतं. तिने ते पदराला पुसले.

मी म्हटलं, "आधी तिने थोडे पाठवून बघितले. मग चाळीस मिनिटं काहीच नाही. मग उरलेले."

"चालीस मिंटं?"

"तिथे वेळ लिहिलेली असते."

ती म्हणाली, "तवा तिला उलट्या झाल्या. मी भांडं धरलं व्हतं. मंग बोटं चालंनात, फोन सारका खाली पडायचा. मी म्हनली दे माज्याकडं, मी दाबते. तर म्हनली, न्हाय, एक अक्षर चुकलं तर हेबी जाईल. मला एकेक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. मला इंग्रजी वाचाया किती वेल लागतो तुम्हांला म्हाईत हाय. मी चुकायची, ती परत पहिल्यापासनं वाच म्हनायची. रागावली न्हाय एकदाबी."

आम्ही दोघं अंगणात उभे होतो. कोंबड्या धान्यात शिरल्या तरी कोणी हाकलल्या नाहीत.

लेकरांच्या चुका आईबापांनी पोटात घालायच्या, असंच आम्ही बघत आलो. मी तिच्या घातल्या असतील, किती ते आठवतही नाही. तिने माझी एक घातली आणि ती घालताना आपण बरी होणार नाही हेही आईसमोर बोलून मोकळी झाली. मला त्यातलं काहीच कळू दिलं नाही. मी लाँचमध्ये वरच्या बाकावर बसून डबा उघडला होता. त्याच वेळी. भाकरी आणि सुकटाची चटणी होती. ती चव मला आठवते, आणि आठवली की जेवण जात नाही.

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. 'बाबा, मी किती वेळा सांगितलं' असं म्हणाली असती तर मी मान खाली घातली असती. ती ओरडली असती, मी ओरडलो असतो, मग दोघं गप्प बसलो असतो. एवढं तरी आमच्यात झालं असतं.

मी नंतर पुष्कळ दिवस एक हिशेब करत राहिलो, पैशांचा नव्हे. त्या दिवसापासून चैत्रापर्यंत आम्ही किती वेळ एकत्र होतो, आणि त्यात तिने मला किती वेळा सांगायचा विचार केला असेल. एकदा ती म्हणाली होती, "बाबा, एक सांगू?" आणि मी वाकलो, तर म्हणाली, "काय नाय. पाणी दे." ती हेच सांगणार होती, की तिला खरंच पाणी हवं होतं, ते मला आता कोण सांगणार.

केरळातल्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या रडल्या. मग म्हणाल्या, "भैया, शिकलेली, रोज हेच काम करणारी माणसंही यात फसतात. मी स्वतः फसलेय." त्या मला बरं वाटावं म्हणून बोलत होत्या. खरं असेलही. पण ती माणसं वही पिशवीत ठेवून फसली नसतील.

आलेली नाणी बदलायची राहिलीच होती. त्या बाई म्हणाल्या, तुम्हांला नको वाटत असेल तर मी इथून मदत करते. मी नको म्हटलं. आठ दिवसांनी, सकाळच्या उजेडात, बायको आणि मी लॅपटॉपपुढे बसलो. खऱ्या नाण्याचा पत्ता मी वहीतून वाचला आणि स्क्रीनवरचा तिने वाचला, बोट ठेवून, एकेक अक्षर. ती बी आणि आठ यांत दोनदा गोंधळली. दोन्ही वेळा आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. आधी अगदी थोडं बदललं आणि आलेलं बघितलं. मग उरलेलं. तळ्यात पाणी कमी होतं म्हणून तेही तीन हप्त्यांनी, दोन दिवसांत.

रुपये करायला मला माझ्या नावाने वेगळं खातं उघडावं लागलं. त्याला पॅनकार्ड, आधार, फोटो, सगळं लागलं. फॉर्ममध्ये एक रकाना होता, ही रक्कम कशाची. बायको म्हणाली, "काय लिवनार?" मी 'मुलीचा पगार' असं लिहिलं. त्यांनी ते मान्य केलं.

पैसे बँकेत आले त्याला आता काही महिने झाले. आम्ही त्यातलं काही काढलेलं नाही. भावाचं देणं मी माझ्या कामातून फेडतो आहे. बायको म्हणते, राहू देत. मीही म्हणतो, राहू देत. गेल्या आठवड्यात केरळातल्या बाईंचा निरोप आला, खेळ तयार झालाय, फोनवर मिळतो, त्यात सगळी चित्रं तिचीच आहेत. खाली निळ्या अक्षरांत लिंक होती. बायकोने फोन हातात घेतला, ती लिंक बघितली आणि फोन माझ्याकडे दिला.

"तुम्ही उघडा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तू उघड."

ती चुलीकडे गेली. अजून आमच्यापैकी कोणी ती उघडलेली नाही.